कुपनांची खीर

विहार समितीच्या बैठकीत अंजनाबाई रामटेके बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे यजमान बाबूलालजी सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसले होते. त्यांनी मान वर केली, बायकोच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा दोऱ्यात लक्ष घातलं. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. मुलीच्या लग्नात बँडवाल्यानं एक पेटीवाला कमी आणला, तेव्हा तो दिसला होता. बँडवाला अजूनही त्यांच्या गल्लीतून वरात नेत नाही.

विषय बुद्धपौर्णिमेच्या खिरीचा होता. दरवर्षी वंदनेनंतर साऱ्या वार्डाला खीर वाटली जाई, आणि दरवर्षी ती पातळ होई. पातळ म्हणजे किती? तर द्रोणात तांदळाचं शीत सापडलं की लोक शेजाऱ्याला बोलावून दाखवत. समितीचे अध्यक्ष धम्मपालभाऊ त्याबद्दल दरवर्षी आगाऊ दिलगिरी व्यक्त करत.

"वर्गनी तेवढीच, महागाई वाढून राह्यली," ते म्हणाले. "यंदा बी खीर जराशी पातळच होईन. लोकाईनं समजून घ्यावं."

"लोकं समजूनच घेऊन राह्यले इतके वर्षं," अंजनाबाई म्हणाल्या. "तुमी दुलीचंदच्या दुकानातून सामान आनता. लुटते तो. यंदाचं काम माह्याकडं द्या. तेवढ्याच वर्गनीत पळी उभी राहीन अशी खीर करून दाखवीन."

"कशी काय, म्याडम?"

"कुपनानं."

बायकांच्या बाजूला खसखस पिकली. धम्मपालभाऊ हसले नाहीत. ते फक्त मोठ्या मनानं म्हणाले, "म्याडम, कुपनानं खीर गोड नाई होत."

हसणं अंजनाबाईंनी सोडून दिलं असतं. हे मोठं मन मात्र त्यांना सहन झालं नाही. त्यांनी तिथल्या तिथे रजिस्टरवर सही केली, वर्गणीची थैली उचलली आणि घरी आल्या. बाबूलालजी मागून चपला शोधत आले.

आता कुपनांचं काय होतं ते सांगायला हवं. बालाघाटात गोंदिया रोडवर नुकताच 'भरपूर महाबाजार' उघडला होता. काचेचं दार, आत थंडगार हवा आणि सामानाच्या गाड्या ढकलत हिंडणारी माणसं. दर आठवड्याला हिंदी पेपरातून त्याचा गुलाबी कागद यायचा. त्यावर कापून घ्यायची कुपनं असत आणि मोठ्या अक्षरांत 'आधे दाम' लिहिलेलं असे. लोक ते वाचून धावत जात. काउंटरवरची पोरगी म्हणे, "ये कूपन आज नहीं चलेगा, अंकल," आणि मागे रांग आहे म्हणून लाजेकाजेस्तव अंकल पूर्ण दामात सामान घेऊन घरी येत. सगळ्या बालाघाटाचं हेच चाललं होतं.

अंजनाबाईंचं तसं नव्हतं. त्यांनी लालबऱ्याकडच्या सरकारी शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. कुपनावरची मोठी अक्षरं त्या वाचतच नसत. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत 'नियम एवं शर्तें' असत. त्या चष्म्यावर भिंग धरून तेवढंच वाचत. साखर अर्ध्या भावात मिळे, पण फक्त रविवारी. बिलात घर-सफाईचं काही सामान असलं तरच. आणि एका मोबाईल नंबरावर एकच कूपन. तांदळाच्या एका थैलीवर एक फुकट, पण तीही एका नंबराला एकदाच. काजू-किसमिसचं तेच. अंजनाबाईंनी हिशेब मांडला आणि उत्तर सरळ आलं. कुपनं पुष्कळ हवीत आणि मोबाईलवाली माणसं पुष्कळ हवीत. दोन्ही वार्डात होती.

कुपनं गोळा करायला त्या घरोघर हिंडल्या. सल्ले तेवढे मागायच्या आत मिळाले. समोरच्या प्रेमलाल पटल्यांनी तर खुर्चीच टाकून दिली. त्यांच्या साळ्यानं गोंदियाला कुपनांवर इतकी बचत केली होती, की त्या पैशांत फटफटी घेतली.

"नुसत्या किराण्यात?" बाबूलालजींनी विचारलं.

"नुसत्या साबनात!" प्रेमलाल म्हणाले. पुढे त्यांनीच सांगितलं, की ती फटफटी नंतर फायनान्सवाल्यानं ओढून नेली. पण तो मुद्दा वेगळा.

दुसऱ्या एकानं सांगितलं, कुपनं इस्त्री करून न्यावी, मशीन लवकर घेते. त्यानं स्वतः केली होती, दोन जळाली. जिजाबाईंच्या घरचे सगळे गुलाबी कागद फडताळात डब्यांखाली अंथरलेले निघाले. म्हाताऱ्या जिजाबाई डबे हलवू देईनात. शेवटी अंजनाबाईंनी नवे कागद अंथरून दिले, सगळे डबे पुसून दिले, आणि तिखटाच्या डब्याखालची कुपनं मिळवली. ती हातात घेतली की माणूस शिंकत असे. पण तारीख शाबूत होती, आणि शिंकेबद्दल शर्तींत काही लिहिलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी दोन ऑटो आणि एक मालवाहू टेम्पो भरून वार्ड निघाला. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. महाबाजारच्या काचेच्या दारातून आत शिरताच सगळ्यांना इतकं बरं वाटलं, की खिरीचा विषयच मागे पडला. जिजाबाई तर थंड हवेच्या झोताखाली डोळे मिटून उभ्या राहिल्या. अंजनाबाईंनी वर्गात लावावी तशी सगळ्यांची रांग लावली. पहिलं कूपन काउंटरवर ठेवलं. पोरगी शिंकली.

"मोबाइल नंबर बोलिए. ओटीपी आएगा."

ओटीपी आला नाही. आत थंड हवा होती, पण नेटवर्क नव्हतं. नेटवर्क होतं बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, उन्हात. मग असं ठरलं, की ज्याचा नंबर सांगायचा त्यानं बाहेर जाऊन उभं राहायचं, ओटीपी आला की ओरडायचा, दारातल्या बाबूलालजींनी तो झेलायचा आणि आत फेकायचा. कागदावर ही योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात थंड हवा सोडून बाहेर जायला कोणी तयार होईना, आणि जो जाई तो ओरडून झाल्यावर पहिल्यांदा आत धावे. दार सारखं उघड-बंद होत होतं. दारावरचा गार्ड बाबूलालजींना म्हणाला, "अंकल, या तो अंदर रहो या बाहर." बाबूलालजी नम्रपणे म्हणाले, "तेच मले बी समजून नाई राह्यलं, भाऊ."

जिजाबाईंनी बाहेरून जो आकडा ओरडून सांगितला, तो त्यांच्या पेन्शनच्या खात्यात शिल्लक किती याचा होता. सगळ्या महाबाजाराला तो समजला.

प्रेमलालांची पाळी आली तेव्हा वेगळाच पेच निघाला. त्यांचा नंबर बायकोच्या फोनवर होता आणि बायको लांजीला माहेरी. चुलत भावाच्या लग्नाला गेली आहे असं ते गल्लीत सांगत होते. ते उन्हात उभं राहून जिजाबाईंच्या फोनवरून बोलू लागले.

"अवं, एक नंबर आला असंन तुह्या फोनवर. सांग लवकर."

पलीकडून काय विचारलं ते कळलं नाही, पण प्रेमलाल म्हणाले, "कोनी बाई नाई! रामटेके म्याडम हायेत! खिरीसाठी!" मग बराच वेळ ऐकत राहिले. मग दाराकडे पाठ करून हळूच काही बोलले.

"दो मिनट में एक्सपायर हो जाएगा!" आतून पोरगी ओरडली.

"दोन मिनिट!" बाबूलालजींनी बाहेर फेकलं.

"मोठ्यानं म्हन म्हनते!" प्रेमलाल रडकुंडीला आले.

"म्हना मंग!" अंजनाबाई आतून गरजल्या.

आणि प्रेमलाल पटले, ज्यांनी थकलेलं पाणीबिलसुद्धा जन्मात कधी आपली चूक म्हणून कबूल केलं नव्हतं, ते गोंदिया रोडवर भर उन्हात छातीवर हात ठेवून ओरडले, "चूक झाली! माहीच चूक झाली! तुह्या मायले मी तसं बोलाले नाई पायजे होतं!"

ओटीपी मिळाला. साखर बिलात चढली. आतल्या अनोळखी गिऱ्हाइकांनीही सुटकेचा श्वास टाकला.

एवढ्यात मॅनेजर आला. रजत नावाचा, जबलपूरहून आलेला, गळ्यात पट्टा घातलेला तरुण होता. रांगेकडे, टेम्पोकडे आणि साखरेच्या ढिगाकडे पाहून तो म्हणाला, "मैडम, ये सब एक ही परिवार का माल है. एक परिवार को एक ही कूपन."

"कुठं लिहिलं हाय?"

"पॉलिसी है, मैडम."

"पॉलिसी बिम्याची असते. शर्तीत दाखवा. शर्तीत मोबाईल नंबर लिहिलेला हाय. परिवार नाई."

रजतला वाद नको होता. तो वरच्या काचेच्या खोलीत गेला आणि माईकवरून, सनईच्या रेकॉर्डमधेच, घोषणा झाली: "कूपन वाली आंटी से निवेदन है, कृपया काउंटर नंबर दो खाली करें."

सगळं दुकान वळून पाहू लागलं.

कूपन वाली आंटी! ज्या बाईला तालुक्यातले सरपंच, पटवारी आणि दोन डॉक्टर रस्त्यात थांबून "म्याडम" म्हणत, कारण त्या सगळ्यांचे कान त्यांनी पिरगळले होते, ती बाई लाउडस्पीकरवर आंटी झाली. अंजनाबाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. क्षणभर वाटलं, हे सगळं इथेच टाकावं आणि घरी जावं. बाबूलालजींनाही तेच वाटलं. ते दारातून हळूच म्हणाले, "जाऊ दे ना. दुलीचंदकडून आनू."

त्या सूचनेनं मात्र उलटं काम केलं. अंजनाबाईंनी तांदळाची एक थैली काउंटरसमोर ओढली आणि तिच्यावर बसल्या.

"मी उठनार नाई," त्या म्हणाल्या. "त्या पोराले म्हना, माईक ठेवून खाली ये."

रजत खाली आला. आता त्याचाही इज्जतीचा प्रश्न झाला होता. "ठीक है, मैडम. आप साबित कीजिए कि ये अलग-अलग परिवार हैं. सबका समग्र आईडी दिखाइए."

त्याला वाटलं, इथे प्रश्न मिटला. जबलपूरचा असूनही तो विसरला, की आपण मध्यप्रदेशात आहोत. इथे मूल आधी रडतं की आधी त्याचा समग्र आयडी निघतो, हे छातीठोक सांगता येत नाही. सरकारनं परिवारा-परिवाराला दिलेल्या त्या नंबराशिवाय राशन मिळत नाही, शाळेत नाव लागत नाही, गॅसची टाकीही येत नाही. माणसं चाव्या विसरतात, समग्र विसरत नाहीत. पर्समधून, खिशांतून, फोनच्या खोळींतून कागद निघू लागले. कोणी लॅमिनेशन केलेलं, कोणी घामानं पिवळं पडलेलं. जिजाबाईंनी कमरेची पिशवी सोडून आपला काढला आणि रजतच्या नाकासमोर धरला.

"सरकारनं मले वेगळा परिवार म्हनून मानला," जिजाबाई म्हणाल्या. "तू कोन होय रे?"

रजतनं सगळे नंबर तपासले. सगळे वेगळे होते. तो पुन्हा आत जाऊ लागला, तोच मागच्या रांगेतल्या एका गृहस्थानं अंजनाबाईंना वाकून विचारलं, "म्याडम, माहं तेलाचं कूपन नाई म्हनून राह्यले. जरा पाहता का?" त्यांनी भिंग काढलं. "हे आजच चालते. दोन पाकिटं घेतली पायजे, एक नाई." तो दुसरं पाकीट आणायला धावला. मग दुसरी बाई आली, मग आणखी एक. थैलीवर बसूनच अंजनाबाईंनी सगळ्यांना शर्ती वाचून दाखवल्या. गेले कित्येक आठवडे पूर्ण दाम मोजून गेलेल्या लोकांचा आवाज हळूहळू चढू लागला. रजतनं ती गर्दी पाहिली आणि काउंटरवरच्या पोरीला म्हणाला, "जल्दी बिल बनाओ इनका. पहले इनका."

"आंटीचं का म्याडमचं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"मैडम का," रजत म्हणाला.

टेम्पो भरून वार्डात परतला तेव्हा स्वागताला लोक उभे होते. साखरेचा डोंगर, काजू-किसमिस, आणि प्रत्येक बिलामागे घ्यावी लागलेली फरशी पुसायची बाटली. ती प्रत्येक घराला एकेक वाटली. पुढे कितीतरी दिवस सगळ्या वार्डाला सरकारी दवाखान्याचा वास येत होता. धम्मपालभाऊ गुमान सगळं पाहत होते. त्यांनी तांदळाची एक थैली उघडली, मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि पुन्हा त्याच मोठ्या मनानं म्हणाले, "म्याडम, हा तं बासमती हाय."

थैलीभोवतीची माणसं एकेक दाणा उचलून बघू लागली.

बालाघाटात, जिथे चिन्नोर तांदूळ पिकतो, जिथे एका घरी चिन्नोर शिजला की वास चार घरं जातो, तिथे पौर्णिमेची खीर बासमतीची? दाणा दाण्याला न शिवणारी? हॉटेलातल्या पुलावासारखी? एकेक जण दाणे थैलीत परत टाकून घरी गेला. अंजनाबाईंनी हिशेबात 'तांदूळ' एवढंच धरलं होतं. कोणता, हे मनातच आलं नव्हतं. वर्गणी संपली होती. महाबाजारच्या शर्तींत, सगळ्यात खाली, 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' असं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच वाचलेलं होतं.

रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. "उद्या सांगू समितीले, चुकलं म्हनून," बाबूलालजी समजुतीनं म्हणाले. अंजनाबाईंनी ताटावरून उठत एवढंच म्हटलं, "सांगनार नाई."

सकाळी त्या टेम्पो घेऊन दुलीचंदच्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. दुलीचंद गल्ल्यावर बसला होता. बैठकीतला 'लुटते तो' हा शब्द त्याच्यापर्यंत केव्हाच पोचला होता. शिवाय वाटेत त्यात बरीच भरही पडली होती.

"या, म्याडम. लुटाऱ्याच्या घरी कसं काय येनं केलं?"

"सौदा कराले आले. लग्नसराई हाय, बासमती तुमाले लागतेच. हा घ्या, आनि याच्या बदल्यात चिन्नोर द्या. तुमच्याच भावानं."

दुलीचंदनं दाणे पाहिले. माल चांगला होता आणि सौदा त्याच्या फायद्याचाच होता. पण त्यानं हात बांधले. "देतो. एक अट. इथं चार गिऱ्हाइकाईसमोर म्हना, दुलीचंद लुटत नाई."

दुकानात खरोखरच चार गिऱ्हाइकं होती. टेम्पोवाल्यानंही इंजिन बंद केलं. बाबूलालजी डोळ्यांनीच विनवू लागले, म्हण एकदाचं. शब्दच तर आहे.

अंजनाबाईंनी तराजूकडे पाहिलं. "तुमच्या वजनात खोट नाई," त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एका तोळ्याची नाई. हे मी कुठं बी सांगीन. भावात हाय, ते बी सांगीन."

दुलीचंद खो-खो हसला. "चाला, वजनाचं तं सर्टिफिकेट भेटलं. तेही गनिताच्या म्याडमचं." आणि त्यानं आतून चिन्नोरची पोती काढायला लावली. भाव मात्र त्यानं जराही कमी केला नाही, आणि अंजनाबाईंनीही मागितला नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली आणि खिरीच्या गंजाचं, त्या मोठ्या पातेल्याचं, झाकण उघडलं. वास विहाराच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर गेला. अंजनाबाईंनी पळी सोडली. पळी उभी राहिली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण सगळ्यांची तोंडं भरलेली होती. धम्मपालभाऊंनी पहिला द्रोण उभ्या-उभ्या संपवला, दुसरा बसून. तिसरा घ्यायला आले तेव्हा अंजनाबाई पळी हातात धरून थांबल्या.

"कशी हाय, भाऊ?"

धम्मपालभाऊंनी घसा साफ केला. "म्हनजे, दाट हाय. जराशी जास्तच दाट. कापून वाढा लागते का काय असं वाटून राह्यलं."

"गोड हाय का नाई?"

"हौ," धम्मपालभाऊ खाली बघत म्हणाले. "गोड हाय."

तेव्हा कुठे पळी कलली.

इथे एखाद्यानं विश्रांती घेतली असती. पण महाबाजारही स्वस्थ बसला नव्हता. आठवडाभरात प्रेमलाल फोनवर एक फोटो घेऊन धावत आले. त्यांची बायको आता परतली होती आणि दारातून लक्ष ठेवून होती. महाबाजारच्या दारावर नवी पाटी लागली होती: 'एक ही वाहन से आए सभी ग्राहक एक परिवार माने जाएँगे.'

"संपलं, म्याडम," प्रेमलाल म्हणाले. "हेड ऑफिसातून आली म्हनते पाटी. खास आपल्यासाठी."

अंजनाबाईंनी फोटो मोठा केला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"वाहनानं आलेले," त्या म्हणाल्या. "पायानं आलेल्याईबद्दल काई नाई लिहिलं."

रविवारी ऊन तापायच्या आत गोंदिया रोडवर एक विलक्षण देखावा दिसला. वार्डातली माणसं हातात पिशव्या घेऊन, एकमेकांत भरपूर अंतर ठेवून, एकेकटी चालली होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. प्रेमलाल रस्त्याच्या एका कडेनं आणि त्यांची बायको दुसऱ्या कडेनं. जिजाबाई काठी टेकत सगळ्यांच्या आधी निघाल्या होत्या, आणि तरी सगळ्यांनी त्यांना गाठलं. पण ओलांडताना नमस्कार कोणी केला नाही. महाबाजारच्या दारात रजत उभा होता. एकेक ओळखीचा चेहरा एकेकटा आत शिरत होता. तो प्रत्येकाच्या मागे वाहन शोधत होता. वाहन नव्हतं.

सगळ्यात शेवटी घामाघूम बाबूलालजी आले. अंजनाबाई दाराशीच टोपली निवडत होत्या. एवढं चालून आल्यावर माणसाला दोन शब्द बोलावेसे वाटतात, म्हणून ते जवळ जाऊन म्हणाले, "अवं, पानी आनलं का?"

अंजनाबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. रजत ऐकत होता.

"पाटी वाचली नाई का, भाऊसाहेब?" त्या म्हणाल्या. "आपन एका वाहनातून नाई आलो. ह्या दुकानाच्या हिशेबानं मी तुमची कोनी लागत नाई."

आणि टोपली उचलून त्या साखरेकडे निघून गेल्या. बाबूलालजींनी कपाळावरचा घाम पुसला. मग त्यांनी आपली वेगळी टोपली घेतली, खिशातून आपलं वेगळं कूपन काढलं, आणि रजतकडे पाहून म्हणाले, "मैं अकेला हूँ, भैया. काउंटर किधर है?"